चौदा नंबरचं दप्तर

टोकनबाईंचं खरं नाव इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बाईंचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. एका मोठ्या वाचनालयाच्या सामानखिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. आत जाणाऱ्यानं पिशवी द्यायची, बाईंनी ती खुंटीला अडकवायची आणि त्या खुंटीच्या नंबरचं पितळी टोकन त्याच्या हातावर ठेवायचं. बाहेर येताना टोकन दिलं की पिशवी परत. काम म्हणाल तर एवढंच. पण पहिल्याच दिवशी खिडकीतल्या जुन्या बाईंनी त्यांना बजावलं होतं, "चेहरा बघायचा नाही. चेहऱ्याला भुललीस की मेलीस. टोकन बघ आणि पिशवी दे." त्या जुन्या बाई एकदा एका गोडबोल्या, कडक इस्त्रीतल्या माणसाला भुलून दुसऱ्याच कुणाची पिशवी देऊन बसल्या होत्या आणि नोकरी गमावण्याची पाळी आली होती. आमच्या बाईंनी ही गोष्ट गाठीला बांधली. एकतीस वर्षं मान वर केली नाही. एवढ्या वर्षांत एक छत्रीसुद्धा चुकीच्या हातात गेली नाही, आणि हे त्या इतक्यांदा सांगत की ऐकणाऱ्याला पाठ होऊन जाई.

पुढे वाचनालयात किल्लीची कपाटं आली, खिडकी बंद झाली, आणि निरोपाच्या दिवशी साहेबांनी टोकनांचा डबा बाईंच्या हातात ठेवला. बाईंनी तो घरी आणून पलंगाखाली सरकवला. त्याचा पुढे काय उपयोग व्हायचा होता, हे तेव्हा कळलं असतं तर त्यांनी तो वाटेतच टाकला असता.

बाई जात्याच घाबरट. गॅस बंद केला का हे तीनदा बघायच्या, कुलूप लावलं की ओढून बघायच्या, खाली उतरल्या की पुन्हा वर जाऊन ओढायच्या. त्यात इमारतीतली पोरं. शाळा सुटली की गळ्यात किल्ली अडकवलेली ही फौज जिन्यात बसायची, कठड्यावरून घसरायची, आईबाप कामावरून येईपर्यंत कुणाचा कुणाला पत्ता नसायचा. एक दिवस दुसऱ्या मजल्यावरच्या दोघा भावांनी दूध तापत ठेवलं आणि डोळा लागला. पडदा पेटला. शेजाऱ्यानं दार फोडलं म्हणून दोघं वाचली. त्या रात्रीपासून बाईंची झोप उडाली. डोळा मिटला की धूर दिसायचा.

तेव्हा शाळेनंतरचा वर्ग निघाला तो विद्येच्या प्रेमापोटी वगैरे नव्हे. निव्वळ भीतीपोटी निघाला.

"शिकवणार कोण?" बाईंच्या धाकट्या बहिणीनं विचारलं. ही धाकटी शाळेत गणित शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती आणि बाईंच्याच घरी राहत होती. जीभ तिखट, पण पोरांवर जीव.

"तू," बाई म्हणाल्या. "मी दारात बसेन."

"दारात बसून काय करशील, ताई?"

"मोजेन."

तळमजल्यावर सायकली ठेवायची एक खोली होती. इमारतीच्या सेक्रेटरीनं ती दिली, पण बोट नाचवत दिली. "एक जरी भानगड झाली तर त्याच दिवशी कुलूप," तो म्हणाला. बाईंनी खोली धुऊन काढली, भिंतीला वीस खुंट्या ठोकल्या आणि डबा पलंगाखालून बाहेर ओढला. रीत ठरली ती अशी: प्रत्येक मुलाला एक नंबर. त्या नंबरचं टोकन आईबापानं रोज सकाळी कामावर जाताना बाईंकडून न्यायचं. दुपारी मूल आलं की दप्तरातली वह्यापुस्तकं घेऊन आत जाणार आणि दप्तर आपल्या खुंटीला. सहाला न्यायला येणाऱ्यानं टोकन द्यायचं; बाई ते रिकाम्या खुंटीला अडकवणार, दप्तर हातात देणार आणि आत नंबर पुकारणार. दार अरुंद, म्हणून न्यायला आलेल्यानं फाटकाशी जाऊन थांबायचं. गर्दी नाही, गोंधळ नाही. आईबापांना ही शिस्त फार आवडली. धाकटी मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, ही पोरं आहेत गं, छत्र्या नव्हेत."

"छत्र्या तरी कुठे हरवल्या माझ्याकडून," बाई म्हणाल्या.

चौदा नंबर होती ती सात वर्षांची एक मुलगी. पुढचे दोन दात पडलेले आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. सात नव्वे त्रेसष्ट आणि नऊ साते पण त्रेसष्ट, का बरं? टोकनाला भोक का बरं? खडू मोडतो, पण पेन्सिल वाकत पण नाही, का बरं? चौथ्या दिवशी पोरांनी तिचं नावच काबरं ठेवलं, आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देऊ लागली.

तिची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी घड्या करायच्या कामाला होती. नाव घालायला आली तेव्हा बाकीच्या आयांसारखी बोलत बसली नाही. टोकन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हिला फक्त माझ्याकडे द्यायचं. दुसऱ्या कुणाकडे नाही. कुणी काहीही सांगितलं तरी."

"अहो, टोकनाशिवाय माझ्याकडून सुईसुद्धा हलत नाही," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं काढलीत मी."

आई आणखी काही बोलणार होती. पण मागे रांग होती, आणि बाईंचा हात पुढच्या टोकनाकडे गेलासुद्धा होता. ती टोकन घेऊन बाजूला झाली. बाईंना पुढे कित्येक दिवस तिचं ते अर्धवट उघडलेलं तोंड आठवत राहिलं, म्हणजे आठवावं असं वाटत राहिलं. खरं म्हणजे त्यांनी ते बघितलंच नव्हतं.

वर्ग मात्र छान जमला. धाकटीनं पोरांना घड्याळ शिकवलं, पाढे शिकवले, आणि एक उपाय शिकवला. गणिताला घाबरून रडणारी पोरं बरीच होती. त्यांना ती सांगायची, "भीती वाटली की डोळे मिटायचे, कानात बोटं घालायची आणि हळूहळू हजारापर्यंत मोजायचं. हजार होईपर्यंत भीती दमते." काबरं पाचशे नव्व्याण्णवपर्यंत सुतासारखी सरळ जायची आणि मग म्हणायची, "पाचशे शंभर." सगळी हसायची. तीही हसायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची.

एकदा घरी जायच्या वेळेला ती बाईंच्या खुर्चीपाशी आली. "आजी, माझं टोकन समजा कावळ्यानं आणलं, तर द्याल मला त्याच्याकडे?"

बाई टोकनं पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टोकन असलं की झालं. कावळ्यानं आणलं तरी देईन."

पोरं खो खो हसली. काबरं हसली की नाही, ते बाईंनी पाहिलं नाही.

ती संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखीच होती. सहा वाजले, दारात हातच हात. बाईंना हात ओळखू यायचे: बेकरीतल्या बापाचे पिठाळ, शिंपीणकाकूंचे सुईनं टोचलेले, चालकाचे उन्हानं एकच बाजू रापलेले. तीन, अकरा, सहा. मग एक हात पुढे आला. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा, पण घड्याळ नाही. टोकन चौदा. पितळ गरम लागलं, बराच वेळ मुठीत आवळून धरल्यासारखं. बाईंच्या बोटांना ते जाणवलं, पण एकतीस वर्षांत बोटांचं ऐकायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी टोकन खुंटीला अडकवलं, दप्तर काढून दिलं, आत तोंड करून "चौदा" म्हणाल्या आणि बाहेर म्हणाल्या, "फाटकाशी थांबा, येतेय ती." पुढचा हात आला. सतरा.

सव्वासहाला खोली रिकामी झाली. धाकटी फळा पुसत होती. तेवढ्यात काबरंची आई धापा टाकत दारात आली.

"टोकन," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

"बाई, दुपारपासून सापडत नाहीये. कोटाच्या खिशात होतं. कोट कामावर खुंटीला असतो... घरी पण शोधलं. आजच्या दिवस तेवढं—"

"असं कसं चालेल? नियम म्हणजे नियम. टोकनाशिवाय मी..." असं म्हणत बाई खुंटीकडे वळल्या, आणि त्यांचे शब्द तिथेच राहिले. चौदाव्या खुंटीला दप्तर नव्हतं. टोकन होतं.

आईनंही ते पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं इतकंच विचारलं, "कुणाला दिलंत?"

कुणाला, हे बाईंना माहीत नव्हतं.

"पुरुष होता?"

"हात पुरुषाचा होता," बाई म्हणाल्या.

"नख काळं होतं? अंगठ्याचं?"

बाईंनी मान हलवली. आई तशीच मागे फिरली आणि पळत सुटली. धाकटी हातातलं फडकं टाकून तिच्यामागे धावली. फाटकाच्या खांबावर काबरंचं दप्तर ठेवलेलं होतं. कुणीतरी नीट, पट्टे आत दुमडून ठेवलेलं. मूल नाही, माणूस नाही, रस्त्यावर येणारीजाणारी माणसं आपापल्या नादात. बाई मागोमाग आल्या आणि त्यांनी दप्तर उचललं.

"तिचा बाप आहे तो," आई धाकटीला म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, घड्या घातलेल्या चादरीसारखा. "त्याला तिला भेटायची बंदी आहे. आज माझ्या कामावर आला होता म्हणे, मी आत होते. मला म्हणाला होता की एक दिवस घेऊन जाईन आणि तुला कधी दिसणार नाही."

मग ठरलं ते असं: आई बसथांब्याकडे, धाकटी बाजाराच्या रस्त्याला, आणि बाईंनी खोलीतच थांबून पोलिसांना फोन लावायचा, कुणी परत आलंच तर दार उघडं असावं म्हणून. दोघी दोन दिशांना गेल्या. बाई दप्तर छातीशी धरून आत आल्या आणि खुर्चीत बसल्या. फोन लावताना दोनदा नंबर चुकला.

पलीकडे एक बाई होती, आवाज शांत. मुलीचं वय विचारलं, बाईंनी सांगितलं. मग विचारलं, "अंगात काय होतं?"

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. दप्तर डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं: निळं, उजवा पट्टा शिवलेला, पुढची चेन तुटली म्हणून पिन लावलेली, बाजूच्या खणात हिरव्या झाकणाची बाटली. मुलगी दिसेना. लाल फ्रॉक? तो सहा नंबरचा. पिवळा स्वेटर? तो कालचा, की परवाचा?

"दप्तर निळं आहे," बाई म्हणाल्या.

"दप्तर कुठे आहे?"

"माझ्या मांडीवर."

"बरं. माणूस कसा होता? उंच, ठेंगणा? दाढी?"

"हात... नख काळं होतं."

"चेहरा, बाई."

"मी बघितला नाही."

"तुम्ही दारातच बसला होतात ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "दारातच होते."

माणसं पाठवतो, तिथेच थांबा, असं सांगून फोन ठेवला गेला. आता खोलीत कुणी नव्हतं. वीस खुंट्या, वीस टोकनं, एकही चुकलं नव्हतं. एकतीस वर्षांचा हिशेब अगदी बरोबर जमला होता आणि पोर गेलं होतं. हे माझ्या हातानं झालं. मी माझ्या हातानं दिली. जिन्यात बसली असती तरी आज ती असती; कठड्यावरून पडली असती तरी हात मोडला असता, असती तरी. मी तिला सुरक्षित ठेवायला म्हणून आणली आणि नंबर घालून देऊन टाकली.

आणि त्या शांततेत काहीतरी ऐकू आलं. उंदरासारखं, कुजबुज, थांबून थांबून. बाईंना वाटलं, आपलंच डोकं फिरलं. मग शब्द लागले.

"...सातशे अडतीस... सातशे एकोणचाळीस..."

खोलीच्या टोकाला जिन्याखाली एक बुटकं कपाट होतं. त्यात चटया आणि जुने नकाशे. बाई उठल्या, खुर्ची पडली, गुडघ्यांवर बसून त्यांनी दार ओढलं. चटयांच्या गुंडाळीमागे काबरं बसली होती. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही कानांत बोटं. अंगात हिरवा फ्रॉक होता. हिरवा, बाहीला पांढरी किनार. बाईंनी तो पहिल्यांदाच पाहिला.

त्यांनी खांद्याला हात लावला तर पोरीनं डोळे उघडले नाहीत. आकडा फक्त जोरानं म्हटला; 'पाचशे शंभर' आज कधीच मागे पडलं होतं. "सातशे चाळीस!"

"मी आहे गं. आजी." बाईंनी तिचं एक बोट कानातून हळूच सोडवलं. "कुणी नाहीये. आई आत्ता येईल."

काबरंनं एक डोळा उघडून बाईंच्या मागे बघितलं. मग दुसरा.

"बाबा खिडकीतून दिसले," ती म्हणाली. "त्यांच्या हातात टोकन होतं."

"मग मला हाक मारायची नाहीस? मी दारातच होते ना, बाळा. मला सांगायचं, मी नाही जाणार म्हणून."

काबरंनं बाईंकडे नीट बघितलं. राग नव्हता त्यात. मोठ्या माणसाला साधी गोष्ट समजावून सांगावी तसं ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात की कावळ्यानं आणलं तरी देईन."

बाई वाट बघत राहिल्या, आता ही विचारेल, का बरं. तिनं विचारलं नाही. तिला उत्तर ठाऊक होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. आई आली, पोरीला उचललं आणि बाईंकडे न बघता निघून गेली. चालताना पोरीची चप्पल गळून पडली, ती धाकटीनं मागून नेऊन दिली. पोर बाहेर येईना आणि लांबून आई येताना दिसली, तेव्हा बाप दप्तर खांबावर ठेवून सटकला होता; पोलिसांनी दोन दिवसांनी त्याला गाठून दम दिला. दम किती दिवस पुरतो, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. सेक्रेटरी कुलूप घेऊनच आला, आणि बाईच त्याला म्हणाल्या, "लावा. माझ्यानं नाही होणार हे."

"लाव," धाकटी बाईंना म्हणाली. सेक्रेटरीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "मग उद्यापासून एकोणीस जिन्यात. आणि ती पोरगी एकटी घरात, आतून कडी लावून, त्याच बापाची वाट बघत. तेव्हा तुझी भीती कुठे ठेवशील, ताई? पलंगाखाली?"

बाईंनी कुलूप सेक्रेटरीच्या हातातून घेऊन त्याच्याच खिशात घातलं. तो इतका चकित झाला की भांडायचं विसरला.

डबा पलंगाखाली गेला. आता संध्याकाळी सहाला बाई बसत नाहीत, दारात उभ्या राहतात. येणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, इतकं बघतात की बेकरीवाला बाप लाजला आणि म्हणाला, "बाई, काही लागलंय का माझ्या तोंडाला?" मग मुलाला दारात बोलावतात, त्या माणसासमोर उभं करतात आणि विचारतात, "जायचं यांच्याबरोबर?" मूल हो म्हणालं की जाऊ देतात. रांग लांबते, चालक घड्याळ दाखवतो, शिंपीणकाकू पुटपुटतात. पुटपुटू देत.

पाचव्या दिवशी दुपारी काबरं आली. आईनं दारापर्यंत सोडलं, आणि बाई काही बोलायच्या आत म्हणाली, "दुसरीकडे कुठे ठेवू हिला?" त्यात माफी नव्हती, आणि बाईंनीही ती मागितली नाही.

सहाला ती न्यायला आली. डोळ्यांखाली काळं, कपाळावर वाफेनं चिकटलेले केस, ओठाच्या कोपऱ्याला तीळ. आता बाई हा चेहरा अंधारातही ओळखतील. तरी त्यांनी काबरंला दारात उभं केलं आणि विचारलं, "जायचं यांच्याबरोबर?"

बाकीची पोरं पटकन हो म्हणून पळतात. काबरं तशी नाही. तिनं आईला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, मग बाईंकडे बघितलं, या आजी खरंच ऐकणार आहेत की नाही ते बघावं तसं. आई थांबली. रांग थांबली. बाईंनी दाराची चौकट धरली. आता हे रोज असंच होणार होतं, वीस वेळा.

"हो," काबरं म्हणाली, आणि स्वतःचं दप्तर स्वतः खुंटीवरून काढलं.